सांगलीतला उन्हाळा, नवं ग्राफिक्स कार्ड आणि ओव्हरक्लॉकिंग : सल्ला हवा

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं जीटीएक्स १६५० वर भागवतोय. ४ जीबीचं कार्ड आहे, नवे गेम आता ओढत नाही. बाकी मशीन असं : आय५-९४००एफ, एच३१० बोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, साधा १०८०पी मॉनिटर, ६०० व्हीएचा यूपीएस. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) ४५० वॅटचा, कॅबिनेटसोबतच आलेला.

दोन पर्याय आहेत. मिरजेत एक जण वापरलेलं आरटीएक्स ३०६० विकतोय. त्याच पैशांत थोडी भर घातली तर आरएक्स ६६०० कोरं मिळतंय, बिलासकट. धाकटी बहीण ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) शिकतेय, त्यामुळे कार्ड दोघांच्या कामाचं हवं.

दुसरं म्हणजे मला ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे चिप ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, नीट शिकायचंय. व्हिडिओ बघून स्लायडर ढकलायचे नाहीत, आत काय होतंय ते कळून करायचंय. पण आमची खोली सगळ्यात वरची, डोक्यावर स्लॅब. एप्रिल-मेमध्ये दुपारी पंख्याचा वारासुद्धा गरम लागतो. अशा खोलीत ओव्हरक्लॉक करावं की नाद सोडावा?

कॉलेजकॉर्नर (सांगली)

कार्ड घ्यायच्या आधी आहे त्या मशीनचं दुखणं नक्की कुठं आहे ते बघ. आफ्टरबर्नर हे कार्डाचं सॉफ्टवेअर टाक, त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येतो, त्यातून गेमच्या स्क्रीनवरच आकडे दिसतील. तीन गोष्टी बघायच्या : जीपीयू (कार्डाची मुख्य चिप) किती टक्के चालतोय, व्हीरॅम (कार्डाची मेमरी) किती भरलीय, आणि सीपीयूचा प्रत्येक कोअर वेगळा किती चालतोय. सीपीयूचा एकूण टक्का बघू नकोस, सहातला एक कोअर पूर्ण भरला तरी एकूण आकडा निवांत दिसतो.

जीपीयू ९७-९८ टक्क्यांवर टेकला असेल तर कार्ड बदलून फरक पडेल. तो सत्तरात रेंगाळत असेल तर नवं कार्डही सत्तरातच रेंगाळेल.

आणि रॅमची दुसरी कांडी आजच घे. एकाच कांडीवर मेमरी सिंगल चॅनलमध्ये चालते, बँडविड्थ निम्मी. एच३१० ला दोनच स्लॉट असतात आणि मेमरीचा वेग २६६६ च्या वर जात नाही, त्यामुळे महागडी रॅम शोधत बसायची गरज नाही. सरासरी एफपीएसपेक्षा (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांपेक्षा) मधेमधे बसणारे झटके कमी होतील, आणि खेळताना तेच जास्त खटकतात.

कृष्णाकाठ (सांगली)

बघितलं दादा. काउंटर-स्ट्राइक २ (सीएस २) मध्ये जीपीयू ७० ते ८० टक्के, एक-दोन कोअर मात्र भरलेले. सायबरपंक २०७७ मध्ये बरोबर उलटं, जीपीयू ९९ वर आणि व्हीरॅम काठोकाठ. टेक्श्चर एक पायरी खाली आणलं की झटके जातात.

कॉलेजकॉर्नर (सांगली)

मग चित्र स्पष्ट आहे. मोठ्या गेमला कार्ड कमी पडतंय, सीएसला प्रोसेसर. कार्ड बदल, पण सीएसचे एफपीएस दुप्पट होतील ही आशा ठेवू नकोस.

मिरजमळा (मिरज)

ब्लेंडर असेल तर माझं मत ३०६० ला. त्याच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये एन्व्हिडियाचं ऑप्टिक्स (रेंडर वेगानं करणारी सोय) चालतं आणि १२ जीबी व्हीरॅम असल्यानं मोठा सीन कार्डात मावतो. एएमडीवरही ब्लेंडर चालतं, पण शिकणाऱ्या पोरीला कमी कटकटीचं द्यावं. नुसत्या गेमसाठी असतं तर मीच म्हटलं असतं की ६६०० घे : १३२ वॅटचं कार्ड, कोरं, वॉरंटीसह. ते आठ लेनचं (बोर्डाशी जोडणाऱ्या आठच वाटांचं) असतं आणि तुझ्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेस ३.० आहे, तरी फारसं काही अडत नाही.

पण ३०६० घेताना डोळे उघडे ठेव. याच नावाचं ८ जीबीचंही कार्ड आहे, त्याची मेमरी बस १२८ बिटची, १२ जीबीवाल्याची १९२ बिटची. ८ जीबीवालं हळू आहे. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून हे दोन आकडे बघितल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. बनावट बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) टाकलेली जुनी कार्डंही बाजारात फिरतात, त्यातली बरीचशी जीपीयू-झेड ओळखतो आणि नावाच्या आधी तसं लिहितो.

मायनिंगचं (कार्डावर आभासी चलन कमावण्याचं) म्हणशील तर १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम हे चलन प्रूफ ऑफ स्टेकवर गेलं, म्हणजे त्याला कार्डांची गरज उरली नाही, आणि मायनिंगची कार्डं ढिगानं विकायला निघाली. ३०६० वर एन्व्हिडियानं मायनिंगचा वेग अडवणारी सोय घातली होती, पण २०२१ च्या मार्चमध्ये त्यांच्याच एका बीटा ड्रायव्हरनं ती उघडी पडली. तेव्हा ‘हे मायनिंगचं नाही’ या शब्दावर जाऊ नकोस. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असंही नाही. चिप सहसा शाबूत असते, झिजतात ते पंखे आणि वाळतात ते थर्मल पॅड. पंखा हातानं हलकेच फिरव, डुगडुगला किंवा खरखरला तर भाव पाड. एचडीएमआय आणि डिस्प्ले पोर्ट सगळे लावून बघ. मग अर्धा तास गेम चालव आणि जीपीयूचं तापमान व हॉटस्पॉट (चिपवरचा सगळ्यात गरम बिंदू) यांतलं अंतर बघ. दहा-पंधरा अंश ठीक. तीसच्या पुढं गेलं तर पेस्ट गेलेली आहे किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही.

गावभागातला (सांगली)

वरच्यात एक भर घालतो, आपल्याकडं ही फार गरजेची आहे. कार्ड पुराच्या पाण्यात गेलं होतं का ते बघा.

२०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ ला पुन्हा आलं. इशारा ४० फुटांना आणि धोका ४५ ला, म्हणजे गावभागात, हरभट रोडला तळमजल्यावर काय झालं असेल याचा अंदाज करा. बुडालेलं मशीन धुऊन, वाळवून चालूही होतं. महिना-दोन महिने चालतंसुद्धा. पण कृष्णेचा गाळ मैद्यासारखा बारीक असतो, तो रॅमच्या चिपखाली आणि कनेक्टरच्या पिनांच्या बुडाशी जाऊन बसतो आणि पावसाळ्यात पुन्हा ओल धरतो.

ओळखायचं कसं सांगतो. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. स्लॉटच्या पट्टीचे स्क्रू आणि एचडीएमआय पोर्टच्या पत्र्याच्या कडा बघा, तांबूस गंज दिसेल. मग सोल्डरचे बिंदू बघा. चांगल्या कार्डावर ते चकचकीत किंवा एकसारखे राखाडी असतात, पाणी लागलेल्यावर पांढरट पूड किंवा हिरवट डाग असतात. बॅकप्लेट असेल तर तिच्या कडेच्या फटीत टूथपिक फिरवा. कोरडी माती पिवळसर निघाली तर नमस्कार करून घरी यायचं. नुसती धूळ करडी असते आणि तिच्यात कापसासारखे तंतू असतात.

विजेचे_काका (सांगली)

पोरांनो, चर्चा चांगली चालली आहे, पण एसएमपीएसबद्दल अजून कोणी बोललं नाही. मी आयुष्यभर वायरिंगचं काम केलं आहे, म्हणून सांगतो.

बाळा, तुझ्या कॅबिनेटचं झाकण काढ आणि एसएमपीएसवरचं स्टिकर वाच. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं असेल. ते विसर. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघ. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्यात बऱ्याचदा तिथं १८ असतात. बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. ३०६० एकटं १७० वॅट मागतं आणि क्षणभर त्याच्याही वर उडी मारतं. तुझं १६५० हे ७५ वॅटचं, सगळी वीज स्लॉटमधूनच घेत असेल, म्हणून आजवर या एसएमपीएसची परीक्षाच झालेली नाही.

स्लॉट ७५ वॅट देतो, ८-पिनची वायर १५० वॅटसाठी असते. ज्या एसएमपीएसला ८-पिनची स्वतःची वायर नाही, त्याला जुन्या चार पिनी कनेक्टरवरून जोड देऊन कार्ड चालवू नकोस. तो जोड वितळलेला मी पाहिला आहे.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहतो, २३० च्या निम्म्या म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. प्रवाह अगदी थोडा असतो, माणसाला नुसता चावा घेतो. पण तसंच चालू मशीनला एचडीएमआयची केबल खोचली तर पोर्ट जाऊ शकतो. जुन्या वाड्यांत तीन पिनी सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकाच्या मागं वायरच नसते. वायरमन बोलावून तपासून घे. हजार-दोन हजारांचं काम आहे, वीस हजारांचं कार्ड वाचतं.

कृष्णाकाठ (सांगली)

काका, स्टिकर वाचलं. १७ अँपिअर! आणि झिणझिण्याही येतात, मला वाटायचं सगळ्यांच्याच कॅबिनेटला येतात. दोन्ही कामं कार्डाच्या आधी करतो. मनापासून आभार.

फुल्लस्पीड (इस्लामपूर)

एसएमपीएस ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (कमी वीज वाया घालवण्याचं प्रमाणपत्र), ८-पिनच्या वायरीसकट घे की काम झालं. आता ओव्हरक्लॉकिंगचं मी सांगतो, कारण हा लई आवडीचा विषय आहे.

पहिलं हे समजून घे की कार्ड स्वतःच ओव्हरक्लॉक होत असतं. एन्व्हिडियानं २०१२ ला जीटीएक्स ६८० बरोबर जीपीयू बूस्ट आणलं, तेव्हापासून खोक्यावर लिहिलेला वेग नुसता नावाला. तापमान, वीज आणि व्होल्टेज, तिन्हीत जागा असेल तोवर कार्ड वर चढतं, कुठल्याही एकाची हद्द लागली की १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली उतरतं. तू कोअर क्लॉकचा स्लायडर +१०० केलास म्हणजे ‘प्रत्येक व्होल्टेजला १०० जास्त दे’ एवढंच सांगितलंस. तिथवर चढू द्यायचं की नाही, ते कार्ड ठरवतं.

करायचं असं. पॉवर लिमिट पूर्ण उजवीकडं. कोअरला २५-२५ नं वर जा, दरवेळी जड गेम किंवा टाइम स्पाय ही स्कोअर देणारी चाचणी चालव. कोलमडलं की ५० मागं ये. मग कोअर मूळ जागी आणून मेमरी वेगळी कर, १०० च्या पायऱ्यांनी. शेवटी दोन्ही एकत्र. मेमरीत एक गोम आहे. अलीकडच्या कार्डांत मेमरीची चूक पकडून डेटा पुन्हा पाठवायची सोय असते. त्यामुळं हद्द ओलांडली तरी स्क्रीनवर ठिपके येत नाहीत, गेम चालतो, पण एफपीएस हळूच घसरतात. म्हणून ‘क्रॅश झालं नाही’ यावर जायचं नाही, दर पायरीला स्कोअर लिहून ठेवायचा. तो वाढायचा थांबला की तीच हद्द.

फरमार्क या ताण देणाऱ्या चाचणीवर ओव्हरक्लॉक तपासू नकोस. तो इतकी वीज खातो की कार्ड पॉवर लिमिटला आपटून क्लॉक खाली आणतं. मग ज्या वरच्या क्लॉकची परीक्षा घ्यायची, तो लागतच नाही.

आणि ‘विंडोज सुरू होताना लागू करा’ ही खूण सेटिंग पक्की होईपर्यंत बंद ठेव. तुझ्या ९४००एफला स्वतःचे ग्राफिक्स नाहीत, दुसऱ्या पोर्टवर मॉनिटर लावून सुटका होत नाही. काही अडकलंच तर सेफ मोडला जायचं.

अनुजा_तासगाव (तासगाव)

फुल्लस्पीड दादांनी पद्धत अगदी बरोबर सांगितली आहे. पण धागाकर्त्यांचा प्रश्न वरच्या मजल्यावरच्या, एप्रिलमधल्या खोलीचा आहे. तिथं मी हे करणार नाही.

कार्डाचं तापमान म्हणजे ढोबळपणे खोलीचं तापमान अधिक कार्डाची स्वतःची उष्णता. जानेवारीत २४ अंशांच्या खोलीत ६५ दाखवणारं कार्ड ४० अंशांच्या खोलीत ८० च्या घरात जातं. ८३ च्या आसपास ३०६० स्वतःहून वेग कमी करायला लागतं. म्हणजे हिवाळ्यात मिळवलेले ५० मेगाहर्ट्झ उन्हाळ्यात आपोआप परत जातात, वर पंख्यांचा आवाज आणि खोलीत आणखी उष्णता. १७० वॅट कुठं जात नाहीत, सगळे त्याच खोलीत ओतले जातात.

यावर उपाय अंडरव्होल्टिंग, म्हणजे चिपला कमी व्होल्टेज देणं. चिपला जाणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, वेगाच्या मात्र साध्या प्रमाणात. १.०५ व्होल्टवरून ०.८५ वर आलात तर व्होल्टेज एकोणीस टक्के कमी झालं, पण त्याचा वर्ग केला की तेवढ्याच वेगाला वीज जवळपास एक तृतीयांशानं कमी. कंपनी प्रत्येक चिपला वरचं व्होल्टेज देते, कारण लाखो चिपांतली सगळ्यात कमकुवतसुद्धा चालली पाहिजे. आपली चिप त्याहून बरी असते, तो फरक आपण वापरायचा.

आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की आलेख उघडतो, खाली व्होल्टेज, उभ्या बाजूला वेग. आधी कोअर क्लॉकचा स्लायडर सुमारे २०० नं खाली ओढा म्हणजे अख्खी रेघ खाली बसेल. मग ८५० मिलिव्होल्टवरचा एकच ठिपका वर उचलून १८०० मेगाहर्ट्झला न्या आणि बरोबरची खूण दाबा. त्याच्या उजवीकडची रेघ सपाट होते. आता कार्ड ०.८५० च्या वर जाणारच नाही. गेम कोलमडला तर ठिपका १५ नं खाली किंवा व्होल्टेज एक घर उजवीकडं. टिकला तर आणखी एक पायरी वर बघा.

गेममध्ये दोन-चार एफपीएस जातील, कधी तेही नाही. पण मे महिन्यातली दुपार आणि जानेवारीतली रात्र, दोन्हीकडं कार्ड एकाच वेगानं चालेल. मला हेच खरं ट्यूनिंग वाटतं.

फुल्लस्पीड (इस्लामपूर)

ताई, कोअरचं पटलं. पण मेमरी सोडू नका. अंडरव्होल्ट कोअरला, ओव्हरक्लॉक मेमरीला. १९२ बिटच्या बसवर मेमरीचा वेग वाढला की मोठ्या गेममध्ये जाणवतो आणि त्यानं वीज फार वाढत नाही. शिकायची हौसही भागते.

अनुजा_तासगाव (तासगाव)

हे एकदम मान्य. मीही तसंच ठेवलंय.

आष्टा_रोड (आष्टा)

पाचटाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. ऊस गेला की शेतात पाचट पेटवतात, दोन-तीन किलोमीटरवरून काळ्या पाकळ्या उडत घरात येतात. हाताला लागल्या की चुरा होऊन तेलकट काजळी राहते. ती हीटसिंकच्या पात्यांत गेली की साध्या धुळीसारखी फुंकून निघत नाही, पात्यांना चिकटून थर धरते आणि त्यावर पुढची धूळ बसते. हंगाम संपला की मी ब्लोअर मारतो, पण मारताना पंखा बोटानं धरून ठेवतो, नाहीतर वाऱ्यानं तो भलत्या वेगानं फिरून बेअरिंग जातं. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतंच. पुढच्या पंख्यांसमोर बारीक जाळी लावा, मच्छरदाणीची चालते, दर पंधरवड्याला धुवायची.

शिकाऊ_सांगलीकर (सांगली)

मधेच विचारतो, इंटेलचं आर्क बी५८० कार्ड का नको? तेही १२ जीबीचं आहे.

मिरजमळा (मिरज)

कार्ड चांगलं आहे, डिसेंबर २०२४ चं. पण आर्कला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असावं लागतं, नाहीतर बरीच ताकद वाया जाते, आणि नवव्या पिढीच्या काहीच बोर्डांना ते बायोस अपडेटनं मिळालंय. शिवाय हे कार्ड जुन्या प्रोसेसरवर जास्त भार टाकतं. नव्या मशीनसाठी जरूर बघा, ९४००एफ सोबत नको.

कृष्णाकाठ (सांगली)

मंडळी, खबर द्यायला आलो. आधी अर्थिंग झालं. वायरमननं सॉकेट उघडलं तर काका म्हणाले तसंच, तिसऱ्या भोकामागं वायर नव्हती. झिणझिण्या गेल्या. मग ५५० वॅटचा एसएमपीएस आणि रॅमची दुसरी कांडी.

मिरजेचं ३०६० बघितलं. १२ जीबी, १९२ बिट. टॉर्चनं स्क्रू, पोर्ट, सोल्डर सगळं बघितलं, विकणारा भला माणूस, त्यानं स्वतःहून बॅकप्लेट काढून दाखवली. गंज नाही, माती नाही. एक पंखा किंचित खरखरत होता, त्याचे पैसे कमी केले. पेस्ट घरी बदलली.

अनुजाताईंच्या पद्धतीनं ०.८५० ला १८०० लागलं आणि टिकलं. वीज १७० च्या जवळ होती ती १३० च्या आसपास आली, तापमान दुपारीसुद्धा सत्तरच्या खाली. मेमरी फुल्लस्पीड दादांच्या सांगण्यानं चढवत गेलो. +९०० पर्यंत स्कोअर वाढला, तिथून पुढं घसरला, क्रॅश मात्र नाही. +८०० वर ठेवलंय. बहिणीचा ब्लेंडरचा सीन आता कार्डातच मावतो, तिची वाट बघणं संपलं.

दोन शंका आहेत. सेटिंग बसवताना एकदा स्क्रीन सेकंदभर काळी होऊन परत आली. आणि यूपीएसवर हे सगळं चालेल का?

फुल्लस्पीड (इस्लामपूर)

इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टिमच्या नोंदी बघ. ४१०१ क्रमांकाची नोंद असेल तर ड्रायव्हर अडकला होता आणि विंडोजनं तो पुन्हा उभा केला. दोन सेकंद कार्डानं उत्तर दिलं नाही की विंडोज तसं करतं. म्हणजे सेटिंग जरा जास्त झालं, बाकी काही नाही. मशीनच पटकन बंद होऊन नोंदीत कर्नल-पॉवर ४१ दिसलं असतं तर आधी एसएमपीएस आणि विजेकडं बघायला लावलं असतं.

विजेचे_काका (सांगली)

६०० व्हीएचा यूपीएस बहुतेक ३६० वॅटपर्यंतच देतो. खेळताना मशीन आणि मॉनिटर मिळून अडीचशे-तीनशेच्या घरात जातील, म्हणजे चालेल, पण बॅटरी जुनी असेल तर लाईट जाताच दम टाकेल. काही एसएमपीएसना या स्वस्त यूपीएसची चौकोनी लाट मानवत नाही. बेतानं तपास : फाइली सेव्ह कर, गेम चालू ठेव आणि यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद कर. गेम बंद करून शटडाऊन करण्याइतका वेळ मिळाला तर पुरे.

कृष्णाकाठ (सांगली)

नोंद ४१०१ चीच निघाली. यूपीएसनंही तेवढा वेळ दिला. आणखी एक, सकाळी गार मशीनवर १८१५ दिसतं आणि तापल्यावर १८००. ठिपका तर हललेला नाही?

अनुजा_तासगाव (तासगाव)

नाही. तापमानाप्रमाणं कार्ड अख्खा आलेखच एखादी पायरी वर-खाली सरकवतं. म्हणून ठिपका नेहमी मशीन तापलेलं असताना बसवायचा आणि गार मशीनवर पुन्हा एकदा तपासायचं, कारण तेव्हा त्याच ०.८५० वर तो पंधरानं जास्त धावतो. तुमचं सकाळीही टिकतंय ना? मग हात लावू नका. फक्त ड्रायव्हर अपडेट केलात की प्रोफाइल पुन्हा लावून एकदा गेम चालवून बघा.